फौज सोडून शिकायचं की वर्दीत राहून? अर्ज देण्याआधी हे वाचा

मी हवालदार म्हणून पेन्शन घेऊन सैन्यातून बाहेर पडलो, त्यानंतर तीन वर्षांचं एलएलबी केलं आणि आता तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. त्यामुळे सुट्टीवर आलेली पोरं भेटायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "दादा, फौज सोडून शिकू का?" या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. तुमची सेवा किती झाली आहे आणि तुम्हाला नेमकं काय शिकायचं आहे, या दोन गोष्टींवर उत्तर ठरतं. मात्र कामांचा क्रम सगळ्यांसाठी सारखाच आहे, आणि निम्मी पोरं नेमकी तिथेच गडबडतात. ती आधी अर्ज देतात आणि मग कोर्स शोधायला लागतात.

हा लेख मुख्यतः जवान, एनसीओ (नाईक, हवालदार), जेसीओ (सुभेदार वर्ग) आणि अग्निवीर (चार वर्षांच्या अग्निपथ भरतीतले) यांच्यासाठी आहे. अधिकाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

1. आधी तुमची सेवा मोजा

अग्निवीर असाल तर. तुमच्याकडे चार वर्षं आहेत. मधेच स्वतःहून बाहेर पडता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळालीच, तर सेवा निधीतला (सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेतला) तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारने घातलेला हिस्सा मिळत नाही. पूर्ण चार वर्षं काढली तर सेवा निधी सुमारे 11.71 लाख रुपये होतो आणि त्यावर आयकर नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मात्र नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

खरा निर्णय चौथ्या वर्षी येतो. जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतात, पण कायम होणं म्हणजे पुढची किमान 15 वर्षं. साडेसतरा ते एकविसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा बाहेर येतो तेव्हा बाविशी-पंचविशीत असतो. ज्याला मनापासून पूर्णवेळ शिकायचं आहे, त्याच्यासाठी याहून चांगली वेळ नाही. वय हातात असतं, पैसे गाठीला असतात आणि बहुतेकांवर संसाराचा भार अजून पडलेला नसतो. म्हणून शिकायची ओढ असलेल्या अग्निवीराला मी स्पष्ट सांगतो: कायम होण्याचा पर्याय "बघू, मिळालं तर घेऊ" म्हणून भरू नका. चौथं वर्ष उजाडण्याआधी ठरवा.

नियमित भरती आणि सेवा 15 वर्षांपेक्षा कमी असेल तर. इथे माझं मत ठाम आहे: थांबा. जवान आणि जेसीओ यांना सेवा-पेन्शनसाठी किमान 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी ओन रिक्वेस्टवर, म्हणजे स्वतःच्या विनंतीवर, बाहेर पडलात तर मासिक पेन्शन जाते. त्याहून मोठी गोष्ट अनेकांना माहीतच नसते: सध्याच्या व्याख्येप्रमाणे स्वतःहून बाहेर पडणारा जवान पेन्शन मिळवून बाहेर पडला असेल तरच माजी सैनिक ठरतो. म्हणजे 12-13 वर्षं सीमेवर काढूनही नोकरीतलं आरक्षण, वयाची सवलत आणि ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) उपचार हे सगळं हातचं जातं.

"काही महिने कमी असतील तर माफ होतात" असं युनिटमध्ये कोणीतरी सांगतंच. त्या आशेवर ओन रिक्वेस्टचा अर्ज देऊ नका. पंधरा पूर्ण होऊ द्या आणि वर थोडे दिवस जाऊ द्या. सेवेतले काही दिवस, उदाहरणार्थ परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याचे, हिशोबात धरले जात नाहीत. पात्र सेवा किती झाली, हे रेकॉर्ड ऑफिसकडून (जिथे तुमच्या सेवेच्या नोंदी असतात) लेखी घ्या.

शिवाय पंधराच्या आत मंजुरी मिळणंही सोपं नाही. आर्मी रूल्स 1954 मधल्या नियम 13 खाली स्वतःच्या विनंतीवर डिस्चार्जची तरतूद आहे, पण त्यासाठी घरची खरी, अपरिहार्य अडचण दाखवावी लागते. नुसतं "पुढे शिकायचंय" या कारणावर अर्ज पुढे सरकणं अवघड. म्हणून काही जण आईचं आजारपण किंवा शेतीचा वाद रचतात. हे करू नका. गावाकडून पडताळणी होते, आणि खोटं सापडलं की उरलेली नोकरीही त्याच शिक्क्याखाली काढावी लागते.

15 वर्षं झाली असतील तर. आता तुम्हाला खरोखर निवड आहे. तरी एक गोष्ट तपासा. वन रँक वन पेन्शनचा (एकच पद आणि तेवढीच सेवा असेल तर सारखीच पेन्शन) 7 नोव्हेंबर 2015 चा जो आदेश आहे, त्यात तिथून पुढे ओन रिक्वेस्टवर बाहेर पडणाऱ्यांना ही योजना लागू नाही, असं म्हटलं होतं. त्यावर कोर्टकज्जे झालेले आहेत. अर्ज देण्याच्या आठवड्यात तुमच्या प्रकरणाला काय लागू होतं, ते रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. तुमचा करार वर्ष-दोन वर्षांत आपोआप संपणार असेल, तर ओन रिक्वेस्टपेक्षा मुदत पूर्ण करून बाहेर पडणं बहुतेक वेळा फायद्याचं असतं.

शॉर्ट सर्व्हिसचे (ठरावीक वर्षांसाठी घेतलेले) अधिकारी. 10 वर्षांनंतर बाहेर पडायचं, कायम कमिशन मागायचं की 4 वर्षं वाढवायची, हा तुमचा टप्पा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आहे. व्यवस्थापनाची पदवी मनात असेल तर दहाव्या वर्षी निघालेलं बरं.

आणि एक इशारा सगळ्यांसाठी. सुट्टी संपली आणि परत गेलोच नाही, हा मार्ग नाही. 30 दिवस गैरहजर राहिल्यावर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 106 खाली चौकशी बसते आणि माणूस फरारी ठरतो. मग नोकरीही गेली आणि ज्या शिक्षणासाठी हे केलं तेही अडलं, कारण पुढे प्रत्येक चारित्र्य पडताळणीत ही नोंद आडवी येते.

2. काय शिकायचं, ते एका ओळीत लिहा

"ग्रॅज्युएशन करायचंय" ही ओळ पुरेशी नाही. "अमुक कोर्स, इतक्या वर्षांचा, त्याला ही प्रवेश परीक्षा, त्यानंतर हे काम" एवढं लिहिता आलं तर विचार पिकला आहे असं समजा. ते लिहिल्यावर एकच प्रश्न विचारा: या कोर्सला रोज वर्गात बसावं लागतं का?

वैद्यकीय, नर्सिंग, इंजिनिअरिंग आणि कायदा हे कोर्स दूरस्थ पद्धतीने वैध नाहीत. बी.एड.लाही वर्ग आणि शाळेतला सराव करावाच लागतो. यातलं काही करायचं असेल तर पूर्णवेळ बाहेर येण्याला पर्याय नाही. बी.ए., बी.कॉम., एम.ए. किंवा ग्रंथालयशास्त्र हवं असेल, तर त्यासाठी फौज सोडण्याचं काहीच कारण नाही.

इथे एजंट गाठतात. "कॉलेजला येऊ नका, फक्त परीक्षेला या, एलएलबी करून देतो." बार कौन्सिलचे नियम हजेरी मागतात. एकाच काळात सर्व्हिस रेकॉर्ड तुम्हाला लेहमध्ये दाखवतंय आणि कॉलेजचं मस्टर वर्गात, असे दोन कागद उद्या वकिलीची सनद घेताना समोरासमोर आले तर काय होईल, याचा विचार करा.

3. वर्दीत जेवढं होतं तेवढं आधी उरका

हा टप्पा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. बहुतेक जवान दहावी किंवा बारावीवर भरती होतात. बाहेर पडून एलएलबी, बी.एड. किंवा एमबीए करायचं तर हातात पदवी लागते. ती पदवी बाहेर येऊन करत बसलात तर पेन्शनवरची तीन वर्षं केवळ पात्रता मिळवण्यात जातात. तेच वर्दीत असताना, पगार चालू ठेवून होतं.

दहावीनंतरची बारावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळेतून) करता येते. पदवीसाठी इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ज्याची पोस्टिंग ईशान्येत किंवा काश्मीरमध्ये आहे त्याला मी इग्नू सुचवतो, कारण परीक्षेचा फॉर्म भरताना दर वेळी केंद्र निवडता येतं. मुक्त विद्यापीठाची परीक्षा द्यायला महाराष्ट्रात यावं लागतं. पण माध्यम मराठी, पुस्तकं मराठी, हा त्याचा मोठा आधार आहे. अग्निवीरांसाठी इग्नूने खास पदवी कार्यक्रम आखला आहे, त्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात.

इग्नूत पोरं कुठे अडकतात ते सांगतो. असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्र परीक्षेला 70 टक्के भार असतो. परीक्षा देतात, पण असाइनमेंट पाठवायची राहते आणि विषय अपूर्णच दिसत राहतो. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षाची नोंदणी वेगळी आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा. एक भरला की दुसरा आपोआप भरला जात नाही. परीक्षा जून आणि डिसेंबरात. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस कॅज्युअल सुट्टी असते. तिचा एक तुकडा परीक्षेला जोडायचा असेल तर सुट्टीचा प्लॅन बनतानाच कंपनीत सांगा. परीक्षेच्या तोंडावर सीनियर जेसीओंसमोर उभं राहिलात तर मिळेलच असं नाही. तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत असते, तेव्हा एखादं सत्र ऑपरेशनमध्ये गेलं म्हणून घाबरू नका.

प्रवेश घेण्याआधी ते विद्यापीठ आणि तोच कोर्स यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या मान्यता यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते बघा. आता डेब आयडी (याच मंडळाचा विद्यार्थी क्रमांक) आणि क्रेडिट बँकेचा आयडीही काढावा लागतो. शिक्षण सुरू करताना युनिटची परवानगी घ्या आणि पदवी मिळाली की ती पार्ट टू ऑर्डरने (सेवेच्या नोंदीत बदल करणाऱ्या युनिटच्या आदेशाने) सर्व्हिस रेकॉर्डवर चढवा.

आता पदवी-समकक्ष प्रमाणपत्राबद्दल. दहावी पास आणि 15 वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या, पदवी मागणाऱ्या पण तांत्रिक नसलेल्या पदांसाठी पात्र धरतात. ही सवलत नोकरीच्या अर्जापुरती आहे. ते प्रमाणपत्र घेऊन एलएलबी किंवा एम.ए.च्या प्रवेशाला गेलात तर खिडकीवरून परत पाठवतील. तिथे विद्यापीठाचीच पदवी लागते, तीही टक्क्यांसह: तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के, बी.एड.ला 50. म्हणून इग्नूत "पास झालो, बास" असं करू नका. टक्के राखा.

4. पैशाचा हिशोब वहीत मांडा

उदाहरण घेऊ. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात एखाद्या हवालदाराचं मूळ वेतन 39,200 आणि मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, एकूण 44,400. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे 22,200, अधिक महागाई भत्ता. निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेता येतात. निम्मी विकली तर हाती दरमहा 11,100 आणि महागाई भत्ता उरतो. हा भत्ता मात्र पूर्ण 22,200 वरच मिळतो. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो.

एकरकमी काय येतं? विकलेल्या पेन्शनची रक्कम, ग्रॅच्युइटी, एएफपीपी फंड (सैनिकांचा भविष्य निर्वाह निधी), एजीआयची (सैन्याच्या गट विम्याची) मॅच्युरिटी आणि शिल्लक रजेचा पगार, जास्तीत जास्त 300 दिवसांचा. एजीआयकडून घरकर्ज घेतलं असेल तर त्याची बाकी यातून कापली जाते, ती आधी वजा करा.

हा पैसा हातात आला की घर बांधायचा आणि ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघतोच. माझा सल्ला: कोर्सची पूर्ण फी आणि घरखर्चातला जो भाग पेन्शनमधून भागणार नाही तो, कोर्स जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा, वेगळ्या मुदत ठेवीत टाका. ती रक्कम बाजूला पडल्याशिवाय घराचा पाया खणू नका. अग्निवीरांच्या सेवा निधीला हे दुप्पट लागू आहे, कारण त्यांच्या मागे दरमहा काहीच येत नाही.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर राहू नका. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे, माजी सैनिकाच्या स्वतःच्या शिक्षणासाठी नाही. प्रवेशातला डिफेन्स कोटाही बऱ्याच कोर्सना मुलांसाठीच असतो. नियमावली पूर्ण वाचा.

डीजीआरचे (सैनिकांच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्याचे) पुनर्वसन कोर्स वेगळे. ते सेवेच्या शेवटच्या टप्प्यात, नोकरीत असतानाच होतात. जवान आणि जेसीओ यांना फी नसते, अधिकाऱ्यांना काही हिस्सा भरावा लागतो. पदवीची जागा हे कोर्स घेत नाहीत, पण फुकट मिळणारं कौशल्य सोडू नये.

5. घरच्यांशी बोला, आणि नुसतं सांगू नका

पंधरा-सतरा वर्षं घर बायकोने एकटीने चालवलेलं असतं. मुलांची शाळा, आईची औषधं, बँक, पाहुणे, सगळं तिच्या हातात. तुम्ही बाहेर येऊन पुस्तक उघडून बसणार, तेव्हा गाव म्हणणार, "मोकळाच आहे की". लग्नकार्य, ग्रामपंचायत, भावकीची मोजणी, सगळीकडे तुमचं नाव पुढे. अभ्यासाची वेळ घरात आधी ठरलेली असेल तर बायकोच दारातून लोकांना परत पाठवते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

क्वार्टर सोडावी लागेल, मुलांची शाळा बदलेल. ती वर्षाच्या मधे बदलू नये, असं डिस्चार्जचं वेळापत्रक बसवा. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात माजी सैनिकांच्या मुलांना प्राधान्य असतं, तेही डोक्यात ठेवा.

6. कागद: सेवेत असतानाच नीट करून घ्या

सगळ्यांत जास्त वेळ नावात जातो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, डिस्चार्ज बुकात वडिलांचं नाव गाळलेलं, आधारवर तिसरंच स्पेलिंग, हे जवळपास प्रत्येकाचं असतं. युनिटचा क्लार्क शेजारी असताना पार्ट टू ऑर्डरने दुरुस्ती होते. बाहेर आल्यावर त्याच कामासाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं. बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि लग्नाची नोंदही याच वेळी तपासा.

शिक्षणासाठी लागणारे कागद:
- दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व मार्कशीट, मूळ प्रती
- शाळा सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठाचं मायग्रेशन
- अधिवास प्रमाणपत्र. नोकरी राज्याबाहेर झाल्याने इथे प्रश्न विचारतात, सेवेचा दाखला सोबत ठेवा
- जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे जात वैधता. वैधतेला वेळ लागतो, अर्ज खूप आधी करा
- शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र

फौजेकडून घ्यायचे कागद:
- डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश)
- चारित्र्याचा शेरा असलेलं प्रमाणपत्र
- ट्रेड आणि केलेल्या सर्व कोर्सची प्रमाणपत्रं
- रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद

मेडिकल बोर्डासमोर जुनी दुखापत लपवू नका. गुडघा, पाठ, कान, काहीही असो, सेवेतली नोंद आहे का बघा आणि बोर्डाला दाखवा. "शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त) जाऊ दे, पुढे नोकरीला बरं" म्हणून गप्प बसलेल्यांना पुढे त्याच दुखण्याचा हक्क सिद्ध करता येत नाही.

7. अर्जाचा क्रम

उलट मोजा. महाराष्ट्रात एलएलबी, बी.एड., एमबीए यांच्या सीईटी साधारण उन्हाळ्यापर्यंत होतात आणि प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात. सीईटी नोकरीत असताना, सुट्टी घेऊन देता येते. कच्चा गुण हातात आला की कॉलेज मिळेल का याचा अंदाज येतो. पण ओन रिक्वेस्टच्या अर्जाला मंजुरी यायला महिने लागतात. म्हणून मी सुचवतो ते असं: पहिल्या वर्षी सीईटी फक्त अंदाजासाठी द्या. गुण समाधानकारक आले तर पुढच्या प्रवेशाच्या बेताने डिस्चार्जचा अर्ज द्या आणि सीईटी पुन्हा द्या.

अर्ज कंपनी कमांडरमार्फत सीओ साहेबांकडे (युनिटप्रमुखाकडे) जातो. साहेब इंटरव्ह्यू घेतात, समजावतात, थांबायला सांगतात. तिथे चिडू नका आणि भारावूनही जाऊ नका. वहीतला हिशोब, कोर्सचं नाव आणि सीईटीचा निकाल समोर ठेवलात तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. अर्जावर सही करण्याआधी त्यातलं प्रत्येक प्रतिज्ञावाक्य वाचा, कारण मंजुरी आल्यावर मागे फिरणं तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी पाठवा.

प्रमोशन कॅडर (बढतीचा कोर्स) किंवा एमएसीपी (ठरावीक सेवेनंतरची वेतनवाढ) दोन-चार महिन्यांवर असेल तर ते पदरात पाडून मगच तारीख मागा. शेवटचं मूळ वेतन वाढलं की पेन्शन जन्मभरासाठी वाढते.

8. बाहेर आल्यावरचे पहिले आठवडे

स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून पीपीओतली नावं आणि आकडे जुळतात का बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या आणि ईसीएचएसचं कार्ड काढा. त्याच कार्यालयात नोकरीच्या जागाही कळतात. मेस्कोमार्फत (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) सुरक्षा रक्षकाचं काम किंवा डीएससीचा (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरतीचा) पर्याय कोणीतरी सुचवेल. पैशाची निकड असेल तर जरूर घ्या, पण पूर्णवेळ कोर्ससोबत 12 तासांची ड्युटी जमत नाही.

केंद्राच्या गट क पदांसाठी वय मोजताना सैनिकी सेवा वजा करतात आणि वर तीन वर्षांची सूट देतात. त्यामुळे पदवी पूर्ण होईपर्यंत बहुतेकांचं वय निघून जात नाही. जाहिरात आली म्हणून कोर्स अर्धवट सोडण्याआधी हे गणित करून बघा.

हे सगळं प्रवेश निश्चित होण्याआधी उरका. प्रवेशानंतर मूळ मार्कशीट आणि दाखले कॉलेजात अडकतात, आणि सैनिक कार्यालयाच्या खिडकीवर तेच मूळ कागद तपासायला मागतात.